अक्षराचा 'पॉइंट' कशाचा?

नांदूरघाटसारख्या गावी पहिलीच्या मुलांसाठी वाचनपत्र काढावयाचे झाल्यास शिक्षक संगणकाच्या दुकानी मजकूर देतात व 'अक्षर अठरा ठेवा' असे सांगतात. पत्र हाती येते तेव्हा अक्षर बारीक निघते. दुकानदार अठराच ठेवल्याचे सांगतो, आणि तेही खरे असते.

याचे मूळ शिशाच्या खिळ्यांत आहे. जुळारी एकेक खिळा ओळीत बसवीत असे. अक्षर खिळ्याच्या माथ्यावर उठावाचे असे. परंतु ओळीची उंची ठरे ती खिळ्याच्या अंगावरून. म्हणून माप अंगाचे घेतले गेले, अक्षराचे नव्हे. फ्रान्समध्ये फूर्निये याने १७३७ साली या मापाची पॉइंट पद्धती मांडली. मुंबईचा निर्णयसागर छापखाना (१८६९) ज्या देवनागरी खिळ्यांसाठी नावाजला, त्यांनाही माथा आणि अंग हा भेद होताच. आज संगणकावर ७२ पॉइंटांचा १ इंच धरतात. म्हणजे १ पॉइंट सुमारे ०.३५ मिलिमीटर आणि १८ पॉइंट पाव इंच. खिळा गेला, त्याची अदृश्य चौकट राहिली.

देवनागरीत या चौकटीत दाटी फार. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. पायाखाली उकार आणि ऋकार. या सर्वांस जागा देऊन उरेल ती मूळ अक्षराची. कोणास किती द्यावी हे टंक रेखाटणारा ठरवितो. त्यामुळे एकाच पॉइंटात 'मंगल' टंकाचे अक्षर ठसठशीत, तर 'कोकिला'चे बरेच लहान दिसते. नुसता आकडा सांगणे म्हणजे घराचे माप सांगून माणसाची उंची विचारण्यासारखे होय.

तेव्हा आकड्याबरोबर टंकाचे नावही सांगावे. आधी एकच ओळ छापून घ्यावी व 'क' शिरोरेषेपासून पायापर्यंत पट्टीने मोजावा. त्या ओळीत 'कुडी', 'कृती', 'कूस', 'तर्की' असे शब्द असावेत. ओळींतील अंतर आवळले असल्यास उकार व ऋकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतात किंवा कापले जातात. मग मूल 'कृती'ला 'कुती' वाचते आणि वाचनात कच्चे ठरते. दोष मात्र कागदाचा असतो.

झेरॉक्सचेही भान ठेवावे. ए-३ कागदाची प्रत ए-४ वर काढली, की लांबी सुमारे ७१ टक्के उरते. २० पॉइंटांचे अक्षर १४ चे होते. मोजणी अशा वेळी मूळ कागदावर न करता मुलाच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर करावी.