इंडिगोची विमाने बदलताहेत. नाते-महाडच्या प्रवाशाने काय पाहावे?

इंडिगो म्हणजे सगळ्यांना सारखीच खुर्ची, हे आता उरले नाही. कंपनीच्या ए३२१ निओ विमानात २३२ आसने असतात. पुढे १२ ऐसपैस ‘स्ट्रेच’ खुर्च्या बसवल्या की एकूण २२० होतात. १२ तिकिटे गेली, पण पुढच्या खुर्चीचा दर जास्त. गणित एवढेच! नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर हे सुरू झाले.

खरी उडी लांब पल्ल्याची आहे. त्यासाठी ६० एअरबस ए३५०-९०० मागवली आहेत. ती येईपर्यंत थांबायचे नव्हते, म्हणून भाड्याच्या बोइंग ७८७ वर जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केले. शिवाय ए३२१ एक्सएलआर: अंगाने लहान, मधली वाट एकच, पण पल्ला सुमारे ८,७०० किलोमीटर. जिथे मोठे विमान भरणार नाही, तिथे हे परवडते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली, तीही आपल्याच रायगड जिल्ह्यातून. नात्याहून महाडमार्गे निघाल्यावर पनवेलपुढची मुंबईची कोंडी टळते. मात्र आखातात निघालेल्यांनी तिकिटावरचा कोड आधी वाचावा: ‘बीओएम’ म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात, तर विमान थांबणार नाही.