आवारातील वाटा : काँक्रीटची खडी की शोभेचे गोटे?

जुनी शाळा पाडून नवी इमारत उभी राहिली की आवारात काँक्रीटच्या राडारोड्याचा ढीग उरतो. तो बाहेर टाकावयाचा आणि वाटांसाठी नदीचे गोटे विकत आणावयाचे, असा दुहेरी खर्च गोव्यातील पंचायतींनी करण्यापूर्वी विचार व्हावा. २०१६ साली आयएस ३८३ या भारतीय मानकात काँक्रीट दळून केलेल्या खडीलाही स्थान मिळाले आहे.

वाटेसाठी ही खडी निःसंशय उजवी. तिचे तुकडे कोनदार असल्याने भुकटीसह पाणी शिंपडून धुमसाने चोपल्यास ते घट्ट बसतात. गुळगुळीत गोटे पायाखाली सरकतात. वृद्धांची त्यात फारच अडचण होते.

झाडांची गोष्ट निराळी. काँक्रीटमधील चुना पावसाबरोबर मातीत उतरून तिची आम्लता घटवितो. गोव्याची जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी. तिला सरावलेल्या अनंतासारख्या झाडांची पाने मग पिवळी पडू लागतात. आळ्यांभोवती म्हणून गोटे किंवा जांभ्याचे तुकडेच घालावेत. संगमरवरी खडी देखणी खरी, पण तीही चुन्याच्याच जातीची, शिवाय सावलीत शेवाळून हिरवी होणारी.

दळण्यापूर्वी सळ्या, काच आणि विशेषतः ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे तुकडे वेगळे काढणे अत्यावश्यक आहे. ते दळले गेल्यास त्यांचे तंतू हवेत मिसळून फुप्फुसांना घातक ठरतात. चोपलेल्या थरात पाणी फारसे मुरत नाही, यास्तव वाटेला आळ्यांच्या विरुद्ध बाजूस उतार द्यावा. काठाला चिऱ्यांची एक ओळ बसविली की खडी आळ्यांत घरंगळत नाही.