लहान हीट शॉक प्रथिने: पेशीला वेळ मिळवून देणारी यंत्रणा

अंड्यातला पातळ, पारदर्शक भाग उकळल्यावर पांढरा आणि घट्ट होतो. थंड केल्यावर तो पुन्हा पातळ होत नाही. असे का?

प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी उलगडते आणि आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात. हे भाग एकमेकांना चिकटून पुंजके बनतात. पेशीत असे पुंजके वाढले तर पेशी मरू शकते.

शोध

इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. उबवण यंत्राचे तापमान चुकून वाढले आणि गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. उष्णतेमुळे काही जनुके कार्यरत झाली होती. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. या जनुकांपासून बनणारी ती हीट शॉक प्रथिने. त्यांतील सुमारे १२ ते ४३ किलोडाल्टन वजनाच्या, अल्फा-क्रिस्टलिन हा समान भाग असलेल्या प्रथिनांना 'लहान' म्हणतात.

कार्यपद्धती

१. एरवी ही प्रथिने गटाने राहतात. गव्हातील एचएसपी १६.९ चा गट १२ एककांचा असतो.

२. तापमान वाढले की असे गट सुटू लागतात. सुटी झालेली एकके उलगडणाऱ्या प्रथिनांचे उघडे भाग धरून ठेवतात. यासाठी एटीपी लागत नाही. ताणाच्या वेळी पेशीत एटीपीची चणचण असू शकते, म्हणून हे महत्त्वाचे.

३. ताण ओसरल्यावर एचएसपी ७० व तिचे साथीदार एटीपी खर्चून त्या प्रथिनांची पुन्हा घडी घालतात.

उत्तरपत्रिकांत 'लहान हीट शॉक प्रथिने घडी दुरुस्त करतात' असे हमखास लिहिलेले आढळते. ते चूक आहे. ती दुरुस्ती करत नाहीत. दुरुस्ती शक्य राहील इतपत प्रथिन सांभाळतात.

शेतातील उपयोग

वनस्पतींत ही प्रथिने विशेष विपुल असतात. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सूर्यफुलासारख्या पिकांवर 'टेंपरेचर इंडक्शन रिस्पॉन्स' ही पद्धत वापरली गेली. कोवळ्या रोपांना आधी हळूहळू वाढणारी, सोसवेल अशी उष्णता देतात, मग घातक उष्णता. थेट घातक उष्णतेत टाकलेली रोपे बहुतेक मरतात. आधी तयारी झालेल्यांपैकी काही तगतात. तगलेली रोपे निवडून उष्णता सोसणारे वाण घडवता येतात. या तयारीच्या काळात पेशी हीट शॉक प्रथिने साठवते. अर्थात तगण्याचे श्रेय एकट्या लहान प्रथिनांना देऊ नका. इतर संरक्षक यंत्रणाही जाग्या होतात.

मर्यादा: डोळ्याचे भिंग

भिंगातील प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश अल्फा-क्रिस्टलिन असते. ते पुंजके रोखते, हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवले. पण भिंगाच्या मध्यभागातील पेशींत केंद्रक नसते, त्यामुळे नवे प्रथिन बनत नाही. जन्मभर तोच साठा पुरवायचा असतो. वयानुसार तो संपत जातो, पुंजके प्रकाश विखुरतात आणि मोतीबिंदू होतो. धरून ठेवणाऱ्याचे हातही कधीतरी भरतात.

स्वाध्याय

१. एटीपीशिवाय काम करण्याचा फायदा कोणता?
२. उष्णता हळूहळू वाढवल्यास रोप का तगते?
३. भिंगात वरील तिसरी पायरी का अडते?