प्राणवायू संपल्यावर तेलाचे काय होते?

श्वसनाचा धडा शिकवताना आपण ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन असे दोन प्रकार सांगतो. दुसऱ्या प्रकारासाठी यीस्ट आणि दमलेला स्नायू ही उदाहरणे देतो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात प्राणवायूविना जगण्याच्या जीवाणूंच्या तऱ्हा याहून पुष्कळ आहेत. जमिनीत मुरलेल्या खनिज तेलाचे पुढे काय होणार, हे बरेचसे त्यांवरच ठरते.

कच्चे तेल हे हजारो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते जाळले की ऊर्जा मिळते. काही जीवाणू तीच ऊर्जा सावकाश, टप्प्याटप्प्याने मिळवतात. हायड्रोकार्बनमधून काढलेले इलेक्ट्रॉन ते शेवटी प्राणवायूच्या हवाली करतात. प्राणवायूचे आणखी एक काम असते. हायड्रोकार्बनचा रेणू सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही. ऑक्सिजनेज नावाची एन्झाइमे प्राणवायूचा अणू थेट या रेणूत बसवतात. हा पहिला घाव बसला, की पुढची मोडतोड सोपी होते.

आता एक हिशेब करू. तेलातले बेंझीन पाण्यात काहीसे विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे. बेंझीनच्या २ रेणूंच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला प्राणवायूचे १५ रेणू लागतात. रेणुभार धरले तर १५६ ग्रॅम बेंझीनला ४८० ग्रॅम, म्हणजे १ ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम प्राणवायू हवा. हवेच्या संपर्कातल्या १ लिटर पाण्यात मात्र ८ ते १० मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला असतो. त्यात जेमतेम ३ मिलिग्रॅम बेंझीन संपेल. समुद्राच्या पृष्ठभागावर लाटा हवा मिसळत राहतात. भूजलात ती सोय नाही. तेथे तेलाजवळचा प्राणवायू लवकरच संपतो.

मग तेलाचे विघटन थांबते का? थांबत नाही. इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा पदार्थ असेल, तर त्यावर जगणारे जीवाणू पुढे येतात. प्राणवायूनंतर साधारणपणे नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट असा क्रम लागतो. एकेक पायरी उतरताना जीवाणूंच्या हाती पडणारी ऊर्जा कमी होते. सर्वांत खालच्या पायरीवर मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. ते जीवाणू नव्हेत, तर आर्किया या वेगळ्या गटातले आहेत. तळ्याकाठचा गाळ उकरला, तर ही शिडी काही प्रमाणात दिसते. वरचा थर तपकिरी आणि खालचा काळा असतो, त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा.

पहिला घाव प्राणवायूविना कसा बसतो? टोल्युइनच्या बाबतीत उत्तर ठाऊक आहे. काही जीवाणू पेशीतलाच फ्युमरेट हा रेणू टोल्युइनच्या बाजूच्या मिथिल गटाला जोडतात आणि तेथून ते फोडतात. बेंझीनच्या कड्याला असा बाजूचा गट नाही. म्हणून प्राणवायूविना ते अधिक चिवट ठरते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी या गावाजवळ ही सारी शिडी जमिनीखाली मोजता आली आहे. तेथे २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर तेल जमिनीत राहिले. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८३ पासून तेथे विहिरी घेऊन भूजल तपासले. तेलाच्या लगत मिथेन तयार होत होता, त्यापुढे लोहावर जगणाऱ्या जीवाणूंचा पट्टा होता आणि कडेला प्राणवायूचे पाणी होते. लोहाच्या आधारे टोल्युइनसारख्या पदार्थांचे विघटन होते, हे १९८९ साली दाखवण्यात आले. भूजलाच्या प्रवाहाबरोबर प्रदूषण जितके दूर जायला हवे होते, तितके ते गेले नाही, याचे मोठे श्रेय या जीवाणूंना जाते.

म्हणजे सारे निसर्गावर सोपवावे का? बेमिजीचा अनुभव सावधही करतो. गाळातले लोह वापरले जाते, तसे ते कमी होत जाते आणि प्रदूषित पट्टा पुढे सरकू शकतो. शिवाय लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक लोहाबरोबर सुटे होऊन पाण्यात उतरते. एक विष संपवताना दुसरे मोकळे होते. अशा भागातील विहिरींचे पाणी तेलासाठी तपासून भागत नाही, आर्सेनिकही पाहावे लागते.

अलास्कात १९८९ साली ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर खते टाकून तिथल्याच जीवाणूंना नायट्रोजन व फॉस्फरस पुरवले गेले. वरच्या थरात त्याचा उपयोग झाला. तरीही खडी-वाळूच्या खालच्या थरात तेल दशकांनंतरही सापडले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे एक प्रमुख कारण आढळले: त्या थरात पाणी फार हळू झिरपते आणि प्राणवायू पोहोचत नाही.

‘तेल खाणारा जीवाणू’ सापडला की प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटते. पण असे जीवाणू बहुतेक मातीत व पाण्यात आधीपासूनच असतात. उणीव असते ती प्राणवायूची, नायट्रोजन-फॉस्फरसची किंवा वेळेची. त्यामुळे कोठेही तेल सांडले, की पहिला प्रश्न विचारावा: तेथे इलेक्ट्रॉन घ्यायला कोण आहे, आणि ते किती दिवस पुरेल?