पिवळ्या रंगाची वाट

काविळीने ग्रासलेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात रोग्याला जग पूर्वीसारखेच दिसत असते. पिवळा दिसतो तो स्वतः, आणि तोही इतरांना. त्याच्या डोळ्यांतील पांढऱ्या भागावर व त्वचेवर जी छटा चढते, तो रंग बाहेरून आलेला नसतो. प्रत्येक निरोगी माणसाच्या देहात तो रोज तयार होतो आणि रोज बाहेर टाकला जातो. त्याची नेहमीची वाट कोठे तरी अडली, किंवा त्या वाटेला पेलवणार नाही इतका रंग तयार होऊ लागला, म्हणजे तो रक्तात साठतो. म्हणून कावीळ हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव होय. वाट कोठे अडली हे कळल्यावाचून तिच्यावर उपाय करता येत नाही.

या वाटेचा उगम रक्तात आहे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला अशा वीस लाखांहून अधिक पेशी जीर्ण होतात, आणि प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन म्हणजेच रक्तारुण असते. त्यातील प्रथिनाचे घटक शरीर पुन्हा उपयोगात आणते. उरते ते ‘हीम’ नावाचे कडे. ते फुटले की त्यातील लोह सुटे होते, आणि काटकसरी गृहिणीप्रमाणे शरीर तेही जपून ठेवते. फुटलेल्या कड्यापासून प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व त्यापासून पिवळे बिलिरुबिन बनते. मुका मार लागल्यावर उठलेला काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट व मग पिवळसर होतो, तो याच क्रमाने. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते.

हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन त्याला आपल्यासोबत यकृतापर्यंत नेते. तेथे एक एन्झाइम त्याला ग्लुक्युरोनिक अम्लाची जोड देते आणि ते विद्राव्य होते. या जोडणीचा उलगडा १९५६ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी स्वतंत्रपणे केला. विद्राव्य झालेला रंग पित्ताबरोबर पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो. तेथील सूक्ष्मजंतू त्याचे रंगहीन युरोबिलिनोजेन करतात. हे काम करणारे जंतूंचे एन्झाइम २०२४ मध्ये ओळखले गेले. पुढे युरोबिलिनोजेनापासून बनलेल्या रंगांमुळे मळाला तपकिरी रंग येतो. थोडा भाग रक्तात परत शोषला जाऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो; मूत्राचा पिवळेपणा तो हाच.

ही वाट मुख्यतः तीन ठिकाणी बिघडते : यकृताच्या अलीकडे, यकृतात आणि यकृताच्या पलीकडे. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे या तिन्ही प्रकारांची ओळख करून घेता येते.

पहिला प्रकार सिकल सेल या आनुवंशिक विकाराचा. यात हिमोग्लोबिनमधील एका सूक्ष्म दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व लवकर फुटतात. त्यांचे आयुष्य अवघे १० ते २० दिवसांचे असते. साहजिकच बिलिरुबिनाचे उत्पादन वाढते. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. मध्य भारतात हा दोष आढळतो, हे शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्ये नोंदविले. आज रायपुरात या विकारासाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या रोग्याचे यकृत निरोगी असूनही डोळे पिवळे राहू शकतात. न जोडलेले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नसल्याने ते मूत्रात उतरत नाही.

दुसऱ्या प्रकारात यकृतच आजारी पडते. सांडपाण्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यातून हेपटायटिस-ई चा विषाणू पोटात जातो व यकृताला सूज आणतो. रायपुरात २०१८ व २०२० मध्ये काविळीच्या साथी आल्या, तेव्हा नळाच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. या विकारात जोडलेले, म्हणून विद्राव्य झालेले बिलिरुबिन रक्तात परत येते आणि मूत्र गडद होते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. गर्भवती स्त्रियांना मात्र हा रोग अत्यंत घातक ठरू शकतो.

तिसऱ्या प्रकारात पित्तनलिका बुजते, बहुधा खड्याने. रंग आतड्यात पोहोचत नाही. मूत्र गडद होते, पण मळ मातीसारखा फिकट पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सिकल सेलच्या रोग्यात बिलिरुबिन सतत जास्त बनत असल्याने त्याच्या पित्ताशयात रंगद्रव्याचे खडे होतात. अशा मुलाचे डोळे नेहमीपेक्षा अधिक पिवळे दिसले, तर पेशी जास्त फुटत असतील, खडा अडकला असेल, किंवा दूषित पाण्याची बाधा झाली असेल. रंग एकच, पण उपाय तिन्ही ठिकाणी निराळे. आणि निवाडा केवळ डोळ्यांनी पाहून होत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी हवी.

नवजात अर्भकाची कावीळ आणखी निराळी. त्याच्या यकृतातील जोडणीचे एन्झाइम अद्याप पुरेसे कामास लागलेले नसते. ही कावीळ बहुधा आपोआप ओसरते, पण फार वाढल्यास बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करते. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयातील परिचारिका जीन वॉर्ड यांना उन्हात ठेवलेल्या बालकांचा पिवळेपणा कमी होताना दिसला. या निरीक्षणातून प्रकाशोपचार निघाला. निळा प्रकाश बिलिरुबिनाच्या रेणूचा आकार बदलतो, आणि तो यकृतातील जोडणीवाचूनही बाहेर पडू शकतो.

काविळीवर गळ्यात माळ घालण्याची किंवा मंत्राने ती ‘उतरविण्याची’ चाल अनेक ठिकाणी आहे. ओल्या काड्यांची माळ सुकू लागली की तिच्या गाठी सैलावतात व ती लांब होते. रोग तिच्यात उतरला असे पाहणाऱ्यास वाटते. विषाणूची कावीळ तोवर बहुधा स्वतःच ओसरू लागलेली असते, आणि श्रेय माळेला मिळते. परंतु अडकलेला खडा माळेने सुटत नाही, विळ्यासारखी पेशी मंत्राने गोल होत नाही, आणि अर्भकाच्या मेंदूला वाट पाहण्यास सवड नसते. तेव्हा डोळे पिवळे दिसताच पहिला दिवस तपासणीचा असावा, आणि साथीच्या दिवसांत पिण्याचे पाणी उकळलेले असावे.