वाडीत पडून असलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीय? आधी कागद, मग चेसीस, रंग सगळ्यात शेवटी

वसई : वसई-विरार पट्ट्यातल्या गावांत वाडीच्या कोपऱ्यात किंवा रिकाम्या गोठ्यात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी गाडी अजूनही दिसते. कुठे आजोबांची जीप, कुठे प्रीमियर पद्मिनी, तर कुठे कुणी हौसेने घेतलेली फायबर बॉडीची दोन सीटची मोटार. घरातला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघतो, मेकॅनिकला बोलावतो, नवीन बॅटरी लावतो आणि इंजिन धडधडते. सगळे खूश! मग डेंटिंग-पेंटिंगवर पैसे जातात, सीटला नवीन कव्हर येते. आणि शेवटी कळते की गाडीचे पासिंगच होत नाही. मग ती रस्त्यावर नेता येत नाही आणि धड विकताही येत नाही.

गाडी सुरू होणे वेगळे आणि गाडी रस्त्यावर येणे वेगळे. हा फरक आधी कळला तर पैसे वाचतात आणि जीवही वाचतो.

किट कार म्हणजे नेमके काय?

कंपनी गाडीचा सांगाडा आणि बॉडीचे भाग देते. इंजिन, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचे बसवून मोटार जोडली जाते. हीच किट कार. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही त्यातली सगळ्यात गाजलेली. तयार गाडीवर कर लागायचा, सुट्या भागांवर तो वाचायचा, म्हणून लोक घरीच गाडी जोडायचे.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण अलिबागचे आहे. तिथल्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर फायबर बॉडीची रोडस्टर बनवली. तिला अ‍ॅम्बेसेडरमध्ये यायचे ते इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन होते. म्हणजे गाडी दुर्मीळ असली तरी तिच्या इंजिनाचे सामान ओळखीचे. जुनी किट कार हातात घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा : इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक मूळ कोणत्या गाडीचे आहेत? ते कळले की निम्मे काम सोपे होते.

जीपचा इतिहासही असाच आहे. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जोडलेल्या पहिल्या जीप अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या सुट्या भागांच्या होत्या. मात्र कंपनीने जोडलेली गाडी आणि कुणी गॅरेजात जोडलेली गाडी यांत कायदा फरक करतो. आज भारतात कोणत्याही नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मंजुरी लागते. त्यामुळे आरसी नसलेली, घरी जोडलेली गाडी ‘नंतर बघू, नोंदणी होईल’ म्हणून विकत घेणे धोक्याचे आहे.

पहिली पायरी : कागद

स्पॅनर हातात घेण्याआधी आरसी बुक शोधावे. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून माहिती दिसते का ते बघावे. वसईत स्वतंत्र परिवहन कार्यालय येण्याआधीच्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच ०४ नंबर असतो, त्याहून जुन्यांवर तीन अक्षरी नंबर. अशा फार जुन्या गाड्यांची नोंद अनेकदा ऑनलाइन सापडत नाही. ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तिथल्या जुन्या रजिस्टरवरून ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून ते आधी सुरू करावे.

त्याचबरोबर या गोष्टी तपासाव्यात :

- आरसीवर नाव कोणाचे? मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो.
- बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा उतरवला आहे का? कर्ज फिटले तरी आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी फॉर्म ३५ असतो.
- जुने ई-चलान किंवा कर थकला आहे का?
- आरसीवरचा चेसीस नंबर, इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल तर पासिंग अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले.

१५ वर्षे झाली की गाडी भंगारात?

हा गैरसमज गावोगावी आहे. दिल्ली परिसरातला नियम लोक इथे लावतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी सुस्थितीत असेल तर दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, कारण टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. खासगी पद्मिनीला ती लागू नाही.

नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरावा लागतो. चारचाकीसाठी केंद्राचे शुल्क ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० रुपये झाले. मुदत संपल्यावर उशीर केला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणजे दोन वर्षे उशीर झाला तर नुसत्या उशिराचे १२,००० रुपये. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी ‘सावकाश करू’ म्हणून ठेवली की हा आकडा वाढत जातो.

५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचाही मार्ग आहे. त्याचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते.

दुसरी पायरी : चेसीस

कागद ठीक निघाले की गाडीखाली बघावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावूनच जावे.

आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस. अर्नाळा, भुईगाव, कळंबच्या बाजूला पत्रा लवकर खातो. जुलै २०१८ सारख्या पुरात गाडी पाण्यात राहिली असेल तर गंज आतून धरलेला असतो. चेसीसवर छोट्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भद्द आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत शिरला तर लोखंड कुजले.

फायबर बॉडीच्या गाडीत इथेच फसगत होते. फायबरला गंज लागत नाही, म्हणून वरून गाडी नवीकोरी वाटते. पण खालचा लोखंडी पाइपचा सांगाडा आतून सडलेला असू शकतो. वेल्डिंगचे जोड, सस्पेन्शन जिथे बसते ती जागा आणि सीट बेल्टचे बोल्ट नीट तपासावेत. सांगाडा गेला असेल तर मोह सोडावा. तिथे पैसे घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बॉडीच्या भेगा मात्र दुरुस्त होतात. किनाऱ्यावर होड्यांना फायबर मारणारे कारागीर चटई आणि रेझिनचे तेच काम करतात. घासताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत जाते.

चेसीस नंबर गंजून पुसट झाला असेल तर तिथे ग्राइंडर लावू नये आणि नंबर परस्पर पुन्हा ठोकू नये. आधी परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर चोरीची गाडी असल्याचा संशय येतो.

तिसरी पायरी : आधी थांबायची सोय, मग पळायची

अनेक जण आधी इंजिन करतात आणि ब्रेक मागे ठेवतात. हे उलटे आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी सील कडक होतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत सील, होज पाइप आणि ब्रेक ऑइल सगळे नवीन घालावे.

टायरची नक्षी चांगली दिसली तरी भरवसा ठेवू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. १४१२ असेल तर २०१२ च्या १४ व्या आठवड्यातला टायर. इतका जुना टायर हायवेवर फुटू शकतो.

इंजिनाला लगेच सेल्फ मारू नये. टाकीतले जुने पेट्रोल डिंकासारखे होते, ते उघड्या जागेत, विडी-सिगारेट लांब ठेवून काढावे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून बघावे. मोकळे फिरले तर ऑइल, फिल्टर, कूलंट, बेल्ट बदलून मगच सुरू करावे.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असतेच. फायबरच्या गाडीत आणखी एक गोष्ट : पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते, फायबरमधून वीज जात नाही. इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होतो, असे झाले तर आधी सांगाड्यावरचे अर्थिंगचे जोड घासून साफ करावेत. नव्वद टक्के वायरमनही तिथूनच सुरुवात करतील.

पासिंगला नेताना

मुदत संपलेली गाडी ‘एवढं जवळ तर आहे’ म्हणून चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. म्हणजे अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर, जमिनीवर येऊ शकतो. थर्ड पार्टी विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, चालू दिवे, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक एवढे तयार ठेवावे. निरीक्षक चेसीस नंबर स्वतः बघतात, म्हणून ती जागा साफ ठेवावी.

रंग यानंतर. आरसीवर रंगाचीही नोंद असते, तेव्हा वेगळा रंग द्यायचा तर आधी विचारून घ्यावे. आणि कागदच सापडत नसतील, चेसीसही गेला असेल, तर गाडी भंगारवाल्याला तशीच देऊ नये. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आरसी रद्द करून घ्यावी. नाहीतर त्या नंबरवर उद्या काही घडले तर पोलीस मूळ मालकाचेच दार वाजवतात.