हरताळाचा लॅटिन सोबती

ज्या कळीच्या एका स्पर्शाने तासाभराचे लिखाण नाहीसे होते, त्या कळीवरील ‘डिलीट’ हे क्रियापद नष्ट करणे या अर्थाच्या लॅटिन ‘देलेरे’पासून इंग्रजीत आले, याविषयी कोशकारांत दुमत नाही, वाद आहे तो ‘देलेरे’च्या मुळाविषयी. कार्थेज नष्ट झालेच पाहिजे, असा घोष रोमचा वृद्ध मुत्सद्दी केटो करी, तेव्हा त्याच्या तोंडी याच धातूचे रूप असे, अशी परंपरा आहे, आणि इ. स. पू. 146 मध्ये ते नगर खरोखरच बेचिराख झाले. परंतु हा शब्द मूळचा रणांगणावरचा नसून लेखनिकाच्या बैठकीवरचा असावा, असे एक मत आहे. मेणाच्या पाटीवर कोरलेला मजकूर रोमन लोक लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सारवून बुजवीत. तेव्हा लिंपणे या अर्थाच्या ‘लिनेरे’ला ‘दे’ उपसर्ग लागून झालेल्या धातूच्या भूतकाळी रूपावरून ‘देलेरे’ निपजले, असे हे मत सांगते. ते सर्वमान्य नाही. मला मात्र त्याचा मोह पडतो, कारण आपल्याकडील पोथीलेखकही चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग, फाशीत असत. काढून काहीच टाकायचे नाही, वर थर मात्र चढवायचा!

यंत्रांनीही नेमकी हीच रीत उचलली. कागदी फितीवर पडलेले छिद्र बुजविता येत नसल्यामुळे चुकलेल्या अक्षराच्या सातही जागी छिद्रे पाडावीत आणि वाचणाऱ्या यंत्राने ती ओळ खारीज समजावी, असा संकेत रूढ झाला. 1963 च्या ‘ॲस्की’ संकेतावलीत ‘डिलीट’ला 127 हा क्रमांक, म्हणजे द्विमान पद्धतीत ओळीने सात एक, मिळाला तो याच कारणाने.

पुढे चकत्या आल्या, तेव्हा तर लिंपण्याचेही श्रम उरले नाहीत. ‘डॉस’ प्रणाली फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदली आणि तिची जागा मोकळी असल्याची नोंद दप्तरी करी. मजकूर होता तेथेच राही. कुळाचे नाव कारकुनाने खातेवहीतून कमी करावे आणि कूळ मात्र, नवे बिऱ्हाड दाराशी येईपर्यंत, वाड्यातच चूल पेटवीत राहावे, तसा हा प्रकार.